घरटी एक माणूस

कोंडखार, ता. अलिबाग
४ जून २०२३

चि. विनिता हिस दिनामामाचे अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो, असं तुझी मामी म्हणते. त्यापेक्षा पत्र बरं. तू काय म्हणालीस ते दहा वेळा वाचता येतं.

काल सुचिताने मोबाईलवर तुझं पान काढून दाखवलं. आमची सूनबाई आता ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते, तिला सगळं सापडतं. तुझे एकंदर एक्केचाळीस लेख, आणि त्यांत आपल्या गावचा लेख सगळ्यांत वर. चारशे बारा! दुसऱ्या कुणा शास्त्रज्ञाने आपल्या लेखात ‘विनिताबाईंनी दाखवल्याप्रमाणे’ असं लिहिलं की तुझा एक उल्लेख वाढला, हे तू समजावलेलं माझ्या पक्कं लक्षात आहे. एच-इंडेक्स एकोणीस, म्हणजे एकोणीस लेखांना प्रत्येकी निदान एकोणीस उल्लेख. छत्तीस वर्षं पाढे शिकवलेल्या माणसाला एवढं कळतं बरं का.

मारुतीसमोर मी एक फळा लावलाय. वर ऑइलपेंटने लिहिलंय, ‘कोंडखारच्या चौसष्ट शेतकऱ्यांच्या रक्तातून जगाला ज्ञान’. खाली खडूने आकडा, दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा. लोक क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा विचारतात, “मास्तर, आज किती?” वर्षानुवर्षं चिखलात राबलेल्या माणसाच्या रक्तात लेप्टोच्या तापाशी लढणाऱ्या पेशी तयार होतात आणि दर हंगामाला वाढतात, हे आता इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

दसऱ्याला तुझा सत्कार ठरलाय. तुझ्याबरोबर त्या चौसष्ट जणांचाही, कारण पेरणीआधी एकदा आणि कापणीला एकदा असं दोनदा त्यांनी रक्त दिलं. यादी करायला बसलो तर एक बारीक अडचण निघाली. गुणाजी म्हणतो, मे महिन्यात रक्त मी दिलं, पण कापणीच्या वेळेला मी मुलीकडे पेणला होतो, तेव्हा धर्माने दिलं. मग शाल बापाला द्यायची की लेकाला? मी म्हटलं, दोघांना मिळून एक, घर एकच आहे. तरी तुझं मत कळव.

तुझा दिनामामा


बेंगळुरू
१५ जून २०२३

ती. मामांना सा. न.

पत्र मिळालं. फळ्याचं वाचून हसू आलं आणि लाजही वाटली. आकडा दर महिन्याला बदलू नका हो, तो खाली येऊ शकत नाही एवढंच त्याचं मोठेपण.

गुणाजीमामांचं तुम्ही लिहिलंत, तसं आणखी कुणाच्या घरी झालं होतं का? म्हणजे पहिल्या वेळेला एक माणूस आणि दुसऱ्या वेळेला दुसरा? सहज विचारते आहे. कागदपत्रं नीट लावायला घेतली आहेत, त्यात बरं पडेल. घाई नाही. पण जमलं तर याच आठवड्यात कळवा.

शालीचं तुम्हीच ठरवा.

तुमची विनू


कोंडखार
२७ जून २०२३

चि. विनू,

“घाई नाही” आणि “याच आठवड्यात” एकाच दमात! लहानपणापासून तुझं असंच. लावणी खोळंबून आवणं भिजत पडलीत, तरी छत्री घेऊन घरोघर फिरलो. सोबत यादी जोडली आहे.

चौसष्टांपैकी तेवीस घरांत माणूस बदलला होता. तुला आठवत असेल, तू कळवलं होतंस की तीच चौसष्ट माणसं पुन्हा हवीत. तो नोव्हेंबर होता. निम्मे कापणीला, काही थळच्या कारखान्यात पाळीवर, काही मुंबईला. तुझी ती तंत्रज्ञ मुलगी बर्फाची पेटी घेऊन एकाच दिवसासाठी आलेली. आता चौसष्ट माणसं कुठून आणायची? तेव्हा मीच दवंडी दिली, सावडीचा नियम लावा. लावणीला आपण एकमेकांच्या शेतात जातो तेव्हा कुणी नाव विचारतं का? घरटी एक माणूस आला की झालं. बापाचं अंग दुखत असेल तर लेक जातो, लेक नसेल तर सून. तसंच केलं. बाटल्यांवर पहिल्या वेळची नावं आधीच छापून आलेली होती, त्यामुळे त्या मुलीलाही काही अडलं नाही. मी स्वतः एकेकाला त्याच्या घराच्या बाटलीपुढे उभं केलं. एकही बाटली रिकामी गेली नाही, हे मी आजही अभिमानाने सांगतो. तुझं काम अडलं असतं तर गोदूला वर जाऊन काय तोंड दाखवलं असतं? तुझ्या आईला मी शब्द दिला होता, पोरीचं शिक्षण कशाने अडू देणार नाही.

गावात मजा चालली आहे. उपकेंद्रातल्या नर्सबाई दर सोमवारी लेप्टोच्या गोळ्या घेऊन येतात आणि तशाच परत जातात. गुणाजी म्हणतो, “बाय, ही गोळी मुंबईवाल्यांना द्या. आमच्या रगतात हाय ता सगल्या जगानं वाचलंय.”

दिनामामा


बेंगळुरू
९ जुलै २०२३

ती. मामांना सा. न.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

समजा, तुम्ही शाळेत जूनमध्ये गुणाजीमामांची उंची मोजली. नोव्हेंबरमध्ये त्यांच्याच नावापुढे धर्माची मोजली. आणि मग वहीत लिहिलं, गुणाजी पाच महिन्यांत दोन इंच वाढला. माझा लेख म्हणजे ती वही आहे, मामा. मला वाटलं, चिखलातल्या एका हंगामाने माणसाच्या रक्तात त्या पेशी वाढल्या. प्रत्यक्षात मी म्हाताऱ्या बापांचं रक्त आधी मोजलं आणि तरण्या लेकांचं नंतर. तरण्या रक्तात त्या पेशी मुळातच जास्त असतात.

तुमची यादी आल्यावर ती तेवीस घरं काढून सगळं गणित पुन्हा केलं. उरलेल्या एक्केचाळीस माणसांत काहीही वाढलेलं नाही. काहीही नाही.

तुमच्यावर राग नाही. हे मी खरं लिहिते आहे, तुमचं मन राखायला नाही. नुसता रक्तगट तपासला असता तरी कळलं असतं. मी तपासला नाही. त्या नोव्हेंबरात मी स्वतः यायला हवं होतं. माझी इथल्या नोकरीची मुलाखत होती, म्हणून त्या मुलीला पाठवलं. मी आले असते तर धर्माला ओळखलं नसतं का? त्याला मी काखेत घेऊन फिरवलाय.

मी मासिकाला कळवणार आहे. सत्कार रद्द करा, फळा काढा. पण त्याआधी एक करा. उद्याच्या उद्या सगळ्यांना सांगा की लेख चुकला आहे, कुणाच्याही रक्तात काही नाही, आणि गोळ्या घ्या. गुणाजीमामांना आधी सांगा. पन्नाशीपुढच्या माणसाला हा ताप झेपत नाही.

विनू


कोंडखार
२ ऑगस्ट २०२३

चि. विनू,

तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं नाही. बंबाखाली घालावं असं एकदा मनात आलं, पण तुझं अक्षर आहे, हात धजला नाही.

मी तेवीस वेळा चुकलो म्हणतेस. मी एकदाच चुकलो. तेवीस वेळा मी नीट काम केलं.

विनू, एक विचारू? हे कुणाला ठाऊक आहे? तू, मी आणि एक यादी. ज्या चारशे बारा लोकांनी तुझं नाव घेतलं त्यांतला एक तरी कोंडखारला येऊन बाटल्या तपासणार आहे का? तू इथल्या एकशिक्षकी शाळेतून निघालीस. तुझ्यामागे कुणाचा हात नव्हता. एक लेख वर आला आणि तोच आता तू स्वतःच्या हाताने खाली ओढणार. मला हे बघवत नाही. थोडं थांब. दसरा होऊ दे. तुझी ती बढतीची समिती होऊ दे. मग काय ते कर. मी जन्मात तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

गोळ्यांचं मी सगळ्यांना सांगितलं आहे. त्याची काळजी करू नकोस.

मामा


बेंगळुरू
१४ ऑगस्ट २०२३

ती. मामांना सा. न.

मासिकाला परवाच कळवलं. तुमचं पत्र त्याआधी मिळालं होतं. खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी तुमच्यासारखाच विचार केला. मग आपल्या लेखावर आधारून दुसरीकडे कुठेतरी नवी लस आखायला घेतल्याचं वाचनात आलं, आणि गप्प बसवेना.

गोळ्यांचं सांगितलंत हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकीचं होईल ते होवो. रागावू नका माझ्यावर.

विनू


कोंडखार
२१ सप्टेंबर २०२३

चि. विनू,

गुणाजी गेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताप भरला. अंगदुखी आहे म्हणून दोन दिवस घरीच काढले. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले तेव्हा धर्माने रिक्षात घालून अलिबागला नेला, तिथून मुंबईला हलवलं. डॉक्टरांनी पुष्कळ केलं. काल सकाळी गेला. लेप्टोच होता.

मी तुला खोटं लिहिलं होतं. सांगितलं नव्हतं. म्हणजे एवढंच म्हटलं होतं की गोळ्या घेतलेल्या बऱ्या. गुणाजी हसला आणि म्हणाला, “मास्तर, तुमच्याच भाचीनं लिवलंय न्हवं?” तेव्हा मी काय केलं ठाऊक आहे? मीही हसलो. लेख चुकला आहे, हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत. तुझं नाव खाली येईल म्हणून, असं मी मनाला सांगत होतो. खरं म्हणजे माझं नाव खाली येईल म्हणून. गावात सगळे मला अजून उठून नमस्कार करतात.

त्याची सत्यवती दारात बसलेली आहे. मला बघून म्हणाली, “मास्तर, रगतात व्हतं ना त्यांच्या? मग असा कसा झाला?” माझ्याकडे उत्तर होतं. मी तिला पाणी दिलं.

मामा


बेंगळुरू
६ मे २०२४

ती. मामांना सा. न.

बाराव्याला येऊन गेले त्यालाही आता सात महिने झाले. त्या दिवशी सगळं सांगायचं ठरवून आले होते. सत्यवतीमामींनी निघताना माझ्या हातात नारळ दिला, म्हणाल्या, तुज्या लेखात त्यांचा नाव ऱ्हायला. मी नारळ घेऊन गाडीत बसले. तुम्हाला बोल लावायला मला तोंड नाही.

गेल्या महिन्यात मासिकाने लेख मागे घेतला. आता त्याच्या प्रत्येक पानावर आडव्या लाल अक्षरांत तसं छापलेलं आहे. वाटलं होतं, त्या दिवशी निदान झोप लागेल. माझी बढती थांबली, दोन समित्यांवरून नाव गेलं. ते ठीकच झालं.

पण मामा, उल्लेख थांबत नाहीत. काल पाहिलं तर चारशे अडुसष्ट. मागे घेतल्यानंतरचेच अकरा आहेत. लोक मूळ लेख उघडतच नाहीत, एकाने लिहिलेलं दुसरा उचलतो आणि त्याच्यावरून तिसरा. मी त्या अकराही जणांना पत्रं पाठवली. तिघांची उत्तरं आली. एकाने आभार मानले आहेत आणि पुढे लिहिलंय की आमच्या निष्कर्षाला याने फारसा फरक पडत नाही. माझा एच-इंडेक्ससुद्धा वाढून वीस झालाय. मी स्वतः उभी राहून ओरडते आहे की हे खोटं आहे, आणि कुणी मान वर करून बघत नाही. जगाचं मला काही करता येणार नाही असं दिसतंय.

गावाचं तरी करूया. आता बापाच्या जागी धर्मा शेतात उतरणार. लावणी सुरू व्हायच्या आत तुम्ही सगळ्यांसमोर सांगा. आणि धर्माला दर सोमवारी गोळी तुमच्या हाताने द्या. नर्सबाईंवर सोडू नका.

विनू


कोंडखार
८ जुलै २०२४

चि. विनू,

सांगितलं. ग्रामसभेत उभा राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माणसं मी बदलली, लेख त्यामुळे चुकला, गुणाजीला मी सांगितलं नाही. कुणी दगड मारला असता तर बरं वाटलं असतं. कोंडाजीने मला हाताला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं. म्हणाला, “मास्तरांचा जिगरी गेला, त्याचा मनाला लागलाय.” दुसरा म्हणाला, “विनूताय मोठ्या मनाची, म्हनून आपल्याकडं चूक घेतं.” मी विचारलं, “अरे, लेख मागे घेतला म्हणजे काय ते समजलं का?” तर सगळे सुचिताकडे वळले. तिने मोबाईल बघून खरं तेच सांगितलं, चारशे चौऱ्याहत्तर. झालं. चुकीचा असता तर आकडा वाढला असता का, म्हणून सभा उठली. फळा मी पुसला होता. दुसऱ्या दिवशी कुणीतरी त्यावर नवा आकडा घालून ठेवला. अक्षर माझ्याच एका विद्यार्थ्याचं आहे, ओळखलं मी.

धर्माचं आणखी वेगळं. तो शांतपणे सगळं ऐकून घेऊन माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आला. म्हणाला, “मास्तर, बा चुकला. त्याला वाटला, त्याच्या रगतात हाय. पन कापनीच्या टायमाला रगत माजा व्हता. वाढला ता माज्यात वाढला. मंग मला गोली कशाला?” मी त्याला तुझं उंचीचं उदाहरण दिलं. त्याने मान हलवली. मी आणखी एकदा दिलं. पुन्हा मान हलवली. छत्तीस वर्षं शिकवलंय विनू, मान कधी समजून हलते आणि कधी मास्तर दमला म्हणून हलते, ते मला कळतं.

तरी पहिल्या सोमवारी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. माझ्यादेखत गोळी घेतली. म्हणाला, “तुमच्या समाधानाला.” मी म्हटलं, माझ्या समाधानाला तर माझ्या समाधानाला, पोटात गेल्याशी कारण. दुसऱ्या सोमवारीही घेतली. त्या दोन्ही दिवशी मला घास गोड लागला.

आज तिसरा सोमवार. माझे गुडघे धरले होते म्हणून पोचायला उशीर झाला. धर्मा सावडीला गेला होता. बांधापलीकडे गुडघाभर चिखलात वाकलेला दिसत होता. हाक मारली, तर हात वर करून हसला आणि पुन्हा वाकला. त्या बांधावरून उतरणं मला शक्य नव्हतं. सत्यवती दारात होती. ती आता शेतात जातच नाही. तिच्या हातात गोळी दिली, म्हटलं, धर्मा आला की लगेच दे, विसरू नको.

ती म्हणाली, “व्हय मास्तर.” आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला. माझ्यासाठी आणला असं मला वाटलं. तिने माझ्यासमोर गोळी तोंडात टाकली, वर दोन घोट पाणी प्यायली आणि पदराने तोंड पुसलं.

“तो आता काय अंधार पडल्याबिगर येत न्हाय,” ती म्हणाली. “तुमी पाय दुकत असताना आलाव, तुमची खेप फुकट कशाला घालवू? घरटी एक झाली ना? तुमचाच नियम हाय.”

मग तिने मला बसायला पाट दिला आणि चहा टाकला. मी चहा प्यालो.

विनू, तिला काय सांगायचं ते लिही. मी दहा वेळा वाचीन.

दिनामामा